देवाला आधीच ठाऊक होतं, मग डर्क मागे का फिरला?

नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळ डॉर्ड्रेख्ट नावाचं नदीकाठचं जुनं व्यापारी शहर आहे. सतराव्या शतकात, चौदा वर्षांच्या आत, या एकाच शहरात ख्रिस्ती लोकांच्या दोन बैठका झाल्या.

पहिली फार गाजली. नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९, असे सहा महिने ती चालली. इंग्लंड, स्वित्झर्लंड आणि जर्मन संस्थानांतून धर्मपंडित आले होते. वादाचा मुद्दा असा, की देव ज्यांना तारणासाठी, म्हणजे पापातून सुटकेसाठी, निवडतो त्यांना कशाच्या जोरावर निवडतो? हा माणूस पुढे विश्वास ठेवणार आहे हे त्याला आधीच दिसतं म्हणून, की माणसात काहीही न बघता, निव्वळ स्वतःच्या मर्जीने? सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या परंपरेतल्या त्या पंडितांनी निकाल दिला, की पुढे दिसणाऱ्या विश्वासाचा निवडीशी संबंध नाही. निवड आधी झाली, विश्वास हे तिचं फळ.

दुसरी बैठक एप्रिल १६३२मध्ये झाली आणि तिची फारशी कुणी दखल घेतली नाही. मेनोनाइट पंथाच्या फुटलेल्या गटांत समेट व्हावा म्हणून ५१ जणांनी एका विश्वासपत्रावर सह्या केल्या. त्यात अठरा कलमं आहेत. देव आणि उत्पत्ती, माणसाचं पतन, पश्चात्ताप, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, एकमेकांचे पाय धुणं, लग्न, सरकार, सूड न घेणं, शपथ न वाहणं, मेलेल्यांचं पुनरुत्थान. देवाने कुणाला आधीच निवडून ठेवलंय का, या प्रश्नावर वेगळं कलम एकही नाही. ज्या शहरात याच प्रश्नावर अख्खा हिवाळा खर्ची पडला होता, तिथे बसून हे लोक पाय धुण्यावर कलम लिहितात. प्रश्न त्यांच्या ध्यानातच आला नसेल, हे काही पटत नाही.

बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारी ख्रिस्ती दीक्षा, माणसाने जाणतेपणीच घ्यावी असं मानणारी चळवळ ती ॲनाबॅप्टिस्ट. मेनोनाइट ही तिची एक शाखा. आमिश आणि हटराइट या दुसऱ्या दोन. दुःख, विश्वास आणि देवाचं पूर्वज्ञान या तिन्हींकडे बघण्याची यांची रीत बाकीच्या ख्रिस्ती परंपरेपेक्षा निराळी आहे. मथळ्यातला डर्क हा यांच्यातलाच एक, त्याची गोष्ट पुढे येईल. ती रीत कळायला आधी एक गुंता सोडवावा लागतो.

पूर्वज्ञान आणि पूर्वनियोजन हे दोन शब्द आपण बोलताना एकमेकांत मिसळतो. 'नशिबात होतं', 'विधिलिखित', 'व्हायचं ते होतंच' असं सगळं एका दमात म्हणतो. जरा सटवाईची गोष्ट आठवा. बाळाच्या पाचवी-षष्ठीच्या रात्री ती येते आणि कपाळावर लिहून जाते. तिने लिहिलं ते नियोजन. ते लिहिलेलं कुणी नुसतंच वाचलं, तर ते ज्ञान. वाचणाऱ्यामुळे काही घडत नाही, लिहिणाऱ्यामुळे घडतं. ख्रिस्ती धर्मशास्त्रातला जुना पेच असा, की बायबलातल्या देवाला सगळं आधीच ठाऊक आहे हे जवळजवळ सगळे मानतात. पण तो लिहिणारा आहे की वाचणारा? लिहिणारा असेल तर खुनी माणसाचा खूनही त्यानेच लिहिला. नुसता वाचणारा असेल तर आधी वाचूनही त्याने थांबवला का नाही?

सहाव्या शतकात बोएथियस नावाचा रोमन अधिकारी देहदंडाची वाट बघत कैदेत होता, तेव्हा त्याने या पेचावर एक सुंदर तोड काढली. देव काळाच्या बाहेर आहे. त्याला काल, आज आणि उद्या एकाच वेळी समोर दिसतात. रस्त्याने चालणारा माणूस मला दिसतो म्हणून काही मी त्याला चालवत नाही. तसंच देवाचं बघणं. तोड सुबक आहे, पण एक शंका उरतेच. देवाचं बघणं कधी चुकत नसेल, तर मी उद्या वेगळं काही करू शकतो का? यावर पुढे कैक पंडितांनी डोकं चालवलं. १५८८ साली कॅथलिकांच्या जेझुइट संघातला स्पॅनिश पंडित लुईस दे मोलिना याने म्हटलं, की कुठला माणूस कुठल्या परिस्थितीत स्वतःहून काय करेल हेही देवाला ठाऊक असतं, आणि ते जमेस धरूनच तो जग रचतो. अगदी अलीकडे, १९९०च्या दशकात, काही अमेरिकन धर्मपंडित म्हणू लागले, की माणसाचे मोकळे निर्णय अजून झालेलेच नसतात. मग त्यांच्याबद्दल आत्ताच 'जाणण्याजोगं' असं काही नसतं. ग्रेगरी बॉइड हा त्यांतला एक, आणि त्याचा ओढा ॲनाबॅप्टिस्टांकडे आहे, हा निव्वळ योगायोग नसावा.

सोळाव्या शतकातले ॲनाबॅप्टिस्ट मात्र या दाराने आत आलेच नाहीत. ते आले पाण्याच्या दाराने.

पाणी आणि होकार

१५२५ सालचं झुरिक. उलरिक झ्विंगली तिथे धर्मसुधारणा करत होता आणि त्याचेच काही तरुण चेले त्याच्या पुढे धावत होते. त्यांचं म्हणणं असं, की बायबलाच्या नव्या करारात आधी ऐकणं, मग विश्वास, मग बाप्तिस्मा असा क्रम दिसतो. तान्ह्या बाळाला यातलं काय कळतं? १७ जानेवारीला नगरपरिषदेपुढे चर्चा झाली आणि हुकूम निघाला, की बाळांना आठ दिवसांत बाप्तिस्मा द्या, नाहीतर शहर सोडा. २१ जानेवारीच्या संध्याकाळी फेलिक्स मान्झच्या आईच्या घरी ही मंडळी जमली. जॉर्ज ब्लाउरॉकने कॉनराड ग्रेबेलला विनंती केली, ग्रेबेलने त्याला बाप्तिस्मा दिला, मग ब्लाउरॉकने इतरांना. 'ॲनाबॅप्टिस्ट', म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे, हे नाव विरोधकांनी ठेवलेलं. त्यांच्या स्वतःच्या लेखी हा पहिलाच बाप्तिस्मा होता. बाळपणीचं ते नुसतं डोकं ओलं करणं.

आजच्या वाचकाला हा किरकोळ विधीचा वाद वाटेल. त्या काळी बाळाचा बाप्तिस्मा म्हणजे त्याची समाजात भरतीच. जन्माला आलेला प्रत्येक जण ख्रिस्ती आणि प्रत्येक ख्रिस्ती त्या राज्याचा प्रजाजन. तो नाकारणं म्हणजे बंडच. ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्झला नावेतून लिमाट नदीत नेलं. हात गुडघ्यांवरून बांधले, मधून काठी सरकवली आणि पाण्यात ढकललं. काठावरून आई आणि भाऊ त्याला ओरडून सांगत होते, की ढळू नकोस. तो लॅटिनमध्ये म्हणत होता, 'प्रभू, तुझ्या हाती'. १५२९ साली स्पायरच्या साम्राज्यसभेने पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्यांना सगळ्या साम्राज्यात देहदंड लावला.

आता पूर्वज्ञानाच्या प्रश्नाशी याचा सांधा जुळतो. बाप्तिस्मा म्हणजे माणसाचा स्वतःचा, जाणता होकार असेल, तर होकार देणं त्याच्या हातात असायला हवं. होकार आधीच लिहून ठेवलेला असेल, तर ज्याच्यासाठी लोक बुडून मरत होते ते पाणी नाटकातलं पाणी ठरतं. म्हणून या लोकांच्या दृष्टीने इच्छास्वातंत्र्य हा पंडितांचा फावल्या वेळचा विषय नव्हता. ते नसेल तर त्यांच्या मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती समुदायाचा, पायाच उरत नव्हता.

हे सगळ्यात नेटाने मांडलं ते बाल्थासार हुबमायरने. पहिल्या पिढीतल्या ॲनाबॅप्टिस्टांत धर्मशास्त्राची डॉक्टर पदवी असलेला माणूस म्हणजे हा. माणूस सरळ रेषेतला नाही. रेगेन्सबुर्गला प्रवचनकार असताना त्याने ज्यूंविरुद्ध रान उठवलं होतं आणि १५१९ साली तिथल्या ज्यूंना हाकलून त्यांचं सभास्थान पाडलं गेलं, हे त्याच्या खात्यावर आहेच. पुढे वाल्ट्सहूट गावी १५२५च्या ईस्टरला तो ॲनाबॅप्टिस्ट झाला आणि दुधाच्या बादलीतल्या पाण्याने त्याने सुमारे ३०० जणांना बाप्तिस्मा दिला. झुरिकच्या तुरुंगात छळ झाला तेव्हा त्याने माघारही घेतली. तिथून सुटून तो मोराव्हियात निकोल्सबुर्गला गेला आणि १५२७ साली इच्छास्वातंत्र्यावर दोन पुस्तिका लिहिल्या.

दोनच वर्षांपूर्वी, डच विद्वान इरास्मसला उत्तर देताना, जर्मन धर्मसुधारक लूथरने माणसाची इच्छा गुलाम आहे असं ठासून लिहिलं होतं. हुबमायरची तक्रार साधी, गावकऱ्याला कळणारी आहे. लोक दोनच गोष्टी शिकलेत, असं तो म्हणतो. एक, विश्वासाने तारण होतं. दोन, आपल्या हातून काही होत नाही, करवून घेणारा देवच. दोन्ही अर्धसत्यं, आणि अर्ध्या सत्याच्या आडोशाला आळस आणि पाप मजेत नांदतात. चोरी करून 'देवाचीच इच्छा' म्हणायला मोकळे!

मग तो माणसाचे तीन भाग करतो: देह, जीव आणि आत्मा. आदामाच्या पापाने देह पार बिघडला. आत्मा धडच राहिला, पण कैदेत पडल्यासारखा. जीव या दोघांच्या मधे, जखमी आणि बरं-वाईट न कळणारा. ख्रिस्ताच्या वचनाने जीवाला पुन्हा जाग येते; मग तो देहाकडे झुकू शकतो किंवा आत्म्याकडे. म्हणजे सुरुवात देवाची, निवड माणसाची. आजच्या मानसशास्त्राला हे चित्र भाबडं वाटेल. पण त्याची गरज कशातून आली ते पाहिलं, की त्याचं मोल कळतं: माणूस सर्वस्वी चांगला आहे असंही म्हणायचं नाही आणि सर्वस्वी हतबल आहे असंही नाही.

आणि बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायाचं काय? तिथे तर सरळ लिहिलंय, की कुंभार मातीचं काय करेल ते त्याची मर्जी. हुबमायर ते नाकारत नाही. त्याच्या मते देवाची एक इच्छा गुप्त आणि दुसरी प्रकट. गुप्त इच्छेने तो हवं ते करू शकतो, त्याला जाब कोण विचारणार? पण त्या खोलीत डोकावण्याची आपल्याला मुभा नाही. आपल्यापुढे उघडी आहे ती प्रकट इच्छा, आणि ती सांगते, की सगळ्यांचं तारण व्हावं. प्रवचन तिचंच करायचं, जगायचं तिच्याच भरवशावर. कोडं सुटलं का? नाही सुटलं. हुबमायरने ते कुलूपबंद करून किल्ली देवाकडे ठेवली, एवढंच. मला हा त्याच्या मांडणीतला कच्चा दुवा वाटतो, आणि तोच सगळ्यात प्रामाणिकही.

१० मार्च १५२८ रोजी व्हिएन्नात त्याला जाळलं. दाढीत गंधक आणि बंदुकीची दारू चोळत होते तेव्हा तो म्हणाला, मीठ चांगलं चोळा! तीन दिवसांनी त्याची बायको एल्सबेथ हिला गळ्यात दगड बांधून डॅन्यूबमध्ये बुडवलं. पाखंड्यांना जाळू नये असं सांगणारी पुस्तिका याच माणसाने चार वर्षांपूर्वी लिहिली होती.

दुष्टाई कुणाची?

हान्स डेंक न्यूरेम्बर्गला शाळामास्तर होता. १५२५च्या जानेवारीत त्याला शहराबाहेर काढलं. पुढच्या वर्षी त्याने नेमका हाच विषय घेतला: चांगलं आणि वाईट दोन्ही देवच करतो असं शास्त्र म्हणतं, त्याचा अर्थ काय? डेंकचं म्हणणं थोडक्यात असं. देवाला हवं आहे ते प्रेम, आणि जबरदस्तीने मिळालेलं प्रेम म्हणजे दगडाने केलेली स्तुती. म्हणून देव माणसाला मोकळा ठेवतो, आणि मोकळेपणाबरोबर वाईटाची शक्यता आपोआप येते. त्याचं आणखी एक म्हणणं ॲनाबॅप्टिस्टांमध्ये पुढे बोधवाक्यासारखं झालं: ख्रिस्ताच्या मागे चालल्याशिवाय ख्रिस्त खऱ्या अर्थाने कळत नाही. म्हणजे देवाविषयीचं ज्ञान आधी आणि आचरण नंतर, असा क्रम नाही. दोन्ही एकदमच.

मेनोनाइट हे नाव ज्याच्यावरून पडलं तो मेनो सायमन्स हा नेदरलँड्सच्या फ्रीसलंडमधला कॅथलिक पाद्री. १५३६ साली त्याने पाद्रीपण सोडलं आणि पुढची पंचवीस वर्षं बहुतेक लपतछपत काढली. १५४२ साली त्याला पकडून देणाऱ्यास १०० गिल्डरचं बक्षीस लागलं होतं. दैववादावर तो सगळ्यात चिडलेला दिसतो. झ्विंगलीच्या शिकवणीप्रमाणे चोराला चोरीकडे आणि खुन्याला खुनाकडे देवाचीच इच्छा नेते, आणि मग त्यांना होणारी शिक्षाही देवाच्याच इच्छेने. ही मेनोच्या लेखी सगळ्या अमंगळांहून अमंगळ गोष्ट होती. त्याचा संताप कुठून आला असेल ते ओळखणं अवघड नाही. तुमची माणसं रोज जल्लादाच्या हाती जात असतील आणि कुणी पंडित येऊन सांगेल, की जल्लादाचा हातही देवच हलवतो, तर देव नेमका कुणाच्या बाजूला उरला?

मग देव छळ थांबवत का नाही? इथे ते 'घडवणं' आणि 'घडू देणं' यांत फरक करतात. येशूला क्रूसाची शिक्षा देणारा रोमन सुभेदार पिलात, त्याला वरून दिलं नसतं तर येशूवर त्याचा काही अधिकार चालला नसता, हे वचन ते पुन्हा पुन्हा आठवतात. दोरी देवाच्या हातात आहे, पण फास त्याने आवळलेला नाही. तुमच्या-माझ्यासारख्या वाचकाचं यावर पूर्ण समाधान होणार नाही, माझंही होत नाही. पण त्यांना समाधान तिथे शोधायचंच नव्हतं.

कारण दुःखाचा अर्थ त्यांनी मागे वळून, कारणांत शोधला नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात आत्मा, पाणी आणि रक्त या तीन साक्षी सांगितल्या आहेत. त्यावरून ते तीन बाप्तिस्मे मानत. आत्म्याचा, जो आत होतो. पाण्याचा, जो मंडळीसमोर होतो. आणि रक्ताचा, जो जगाकडून होतो आणि मरेपर्यंत चालू राहतो. पाण्याला होकार देताना तिसऱ्याचीही सही झालेली असते. म्हणून छळ झाला तर 'माझ्याच वाट्याला का?' हा प्रश्न त्यांच्या लिखाणात क्वचितच दिसतो. ज्याच्या मागे चाललो त्याच्या वाट्याला तेच आलं होतं.

यात एक मेख आहे. प्रत्येक दुःख म्हणजे क्रूस नव्हे. ताप, अपघात, दुष्काळ, मूल दगावणं ही दुःखं सगळ्यांना होतात, विश्वास असो वा नसो. क्रूस म्हणजे येशूसारखं वागल्याची चुकवावी लागलेली किंमत. आपण सरसकट 'हा माझा क्रूस आहे' म्हणतो, तेव्हा मधुमेहाला आणि हौतात्म्याला एकाच पोत्यात भरतो. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती काय, असं येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. घटनेवरून देवाचा निवाडा वाचू नका, असाच त्याचा अर्थ.

हे सगळ्या ॲनाबॅप्टिस्टांना जमलं असं मात्र नाही. पुस्तकं विकत फिरणारा हान्स हुट १५२८च्या पेंटेकॉस्टला, म्हणजे ईस्टरनंतरच्या पन्नासाव्या दिवशीच्या सणाला, ख्रिस्त परत येणार म्हणून सांगत होता. त्याआधीच डिसेंबर १५२७मध्ये आउग्सबुर्गच्या तुरुंगात तो मेला. म्युन्स्टर शहर तर १५३४ साली एका गटाने ताब्यातच घेतलं. यान मात्थिसने त्या वर्षीच्या ईस्टरला जगाचा निवाडा होणार असं सांगितलं. ईस्टरला तो स्वतःच वेढा घालणाऱ्यांवर चालून गेला आणि मारला गेला. मागून राजा झालेला यान फान लायडेन आणि त्याचे दोघे साथीदार १५३६ साली हाल करून मारले गेले. त्यांची प्रेतं ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगली, ते तिन्ही पिंजरे सेंट लॅम्बर्ट चर्चच्या मनोऱ्यावर आजही लटकताना दिसतात. देवाचं पंचांग आपल्याला वाचता येतं असं ज्यांना वाटलं, त्यांच्या हाती तलवार आली. मेनोने उरलेल्यांना गोळा केलं ते या राखेतून.

बर्फ

आता पुन्हा डॉर्ड्रेख्टला येऊ. तिथला मेनोनाइट पाळक थिलेमान फान ब्राख्ट याने १६६० साली रक्तसाक्ष्यांच्या हकिगतींचा एक अवाढव्य ग्रंथ छापला, 'रक्तसाक्ष्यांचा आरसा'. १६८५च्या आवृत्तीत यान लाउकेनने कोरलेली १०४ चित्रं आली. त्यांतलं एक चित्र मेनोनाइट घराघरांत ओळखीचं आहे: गोठलेल्या पाण्यावर वाकून हात पुढे केलेला एक माणूस आणि बर्फाच्या भोकातून वर येऊ पाहणारा दुसरा.

हा डर्क विलेम्स, आस्पेरेन गावचा. साल १५६९. स्वतः पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि घरात इतरांना घेऊ दिला, हा गुन्हा. तो कैदेतून निसटला आणि गोठलेल्या पाण्यावरून पळाला. शिपाई मागे लागला. वितळत आलेल्या बर्फावरून डर्क कसाबसा पलीकडे पोचला. शिपाई मात्र बर्फ फुटून आत गेला.

इथे थांबून विचार करू. जे घडतं ते देवाचंच लिखित, असं मानणारा डर्कच्या जागी असता तर त्याने काय अर्थ लावला असता? फारोचं सैन्य समुद्रात बुडालं तसा हा शिपाई बुडतोय, देवाने मला सोडवलं, आता पळ. बायबलातच त्याला दाखला होता. डर्कने बर्फाचा अर्थ लावलाच नाही. त्याला फक्त बुडणारा माणूस दिसला आणि शत्रूवर प्रीती करा हे वचन. तो मागे फिरला आणि त्याला बाहेर काढलं. शिपाई त्याला सोडून द्यायला तयार होता. काठावरून नगराध्यक्ष ओरडला, तुझी शपथ आठव. डर्कला धरलं आणि १६ मे रोजी जाळलं. त्या दिवशी पूर्वेचा वारा जोराचा होता, ज्वाळा त्याच्या वरच्या अंगावरून उडत राहिल्या आणि मरण लांबलं. शेजारच्या लेर्डम गावातल्या लोकांना तो सत्तरहून अधिक वेळा 'माझ्या प्रभू, माझ्या देवा' म्हणताना ऐकू आला.

हीच ॲनाबॅप्टिस्ट पूर्वज्ञानाची मांडणी, असं मला वाटतं, जरी डर्कने त्यावर एक ओळही लिहिली नाही. देवाला काय ठाऊक आहे हे मला ठाऊक नाही; मला काय करायचंय हे ठाऊक आहे.

त्याच ग्रंथात अँटवर्पच्या मायकेन वेन्सची हकिगत आहे. ती गवंड्याची बायको. ६ ऑक्टोबर १५७३ रोजी तिला जाळलं. वाटेत बोलू नये म्हणून जिभेला लोखंडी स्क्रू लावला होता. पंधरा वर्षांचा थोरला मुलगा आद्रियान धाकट्या भावाला कडेवर घेऊन बघायला गेला आणि आईला आणताना बघूनच बेशुद्ध पडला. सगळं संपल्यावर शुद्धीवर येऊन त्याने राखेत शोधून तो स्क्रू घेतला. इतकंच लिहिलंय. देवाच्या योजनेबद्दल त्या पोराला कुणी काय सांगितलं, ते ग्रंथात नाही.

सोडून देण्याचे धोके

आमिश लोक आजही बाप्तिस्म्याआधी तरुणांना डॉर्ड्रेख्टची ती अठरा कलमं शिकवतात. त्यांच्या भजनांच्या पुस्तकाचा गाभा म्हणजे १५३५नंतर पासाऊच्या तुरुंगात कैद्यांनी रचलेली गाणी. त्यांच्या सगळ्या वागण्यामागे एक जुना जर्मन शब्द आहे: गेलासेनहाइट. मराठीत एकच शब्द सापडत नाही. हवाली करणं, मुठी सैल सोडणं, देवाच्या आणि मंडळीच्या स्वाधीन होणं, असं काहीसं. फेलिक्स मान्झचं 'तुझ्या हाती' तेच.

२ ऑक्टोबर २००६ रोजी पेन्सिल्व्हेनियातल्या निकेल माइन्स इथल्या आमिश शाळेत एका माणसाने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या आणि स्वतःला संपवलं. पाच मुली गेल्या. त्याच दिवशी आमिश शेजारी मारेकऱ्याच्या घरच्यांना भेटायला गेले, आणि त्याच्या दफनाला आलेल्यांत निम्म्याहून जास्त आमिश होते. जगभर कौतुक झालं, टीकाही झाली. इतक्या लवकर क्षमा? राग गिळून टाकायला लावणं नव्हे का हे? आमिश लोकांनी नंतर सांगितलं, की क्षमा केली म्हणजे दुःख संपलं असं नाही, ती रोज नव्याने करावी लागते.

टीका मात्र निराधार नाही. दुःख सोसणं हा सद्गुण ठरला, की कुणी कुणाला सोसायला सांगायचं हा प्रश्न उभा राहतोच. जॉन हॉवर्ड योडर हा विसाव्या शतकातला सगळ्यात नावाजलेला मेनोनाइट धर्मपंडित. क्रूस म्हणजे आजारपण किंवा घरगुती कटकट नव्हे, हे त्यानेच नेमक्या शब्दांत मांडलं होतं. त्याने अनेक वर्षं स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं. संख्या शंभराहून अधिक सांगितली जाते. संस्थांनी ते दाबत, लांबवत नेलं. २०१५ साली, तो गेल्यावर सतरा वर्षांनी, एल्कहार्टच्या मेनोनाइट सेमिनरीने जाहीर प्रार्थनासभेत चूक कबूल केली. डर्क स्वतः वळला, त्याला कुणी वळवलं नव्हतं. दुसऱ्याला वळायला लावणं ही साफ वेगळी गोष्ट, आणि ज्या परंपरेने आपलं सगळं जाणत्या होकारावर उभारलं, तिला हा फरक इतकी वर्षं दिसू नये, हे बोचणारं आहे.

आपल्या बाजूला हे लोक आले ते दुष्काळाच्या वर्षांत. १८९९ साली अमेरिकन मेनोनाइट धमतरीला पोचले आणि पाठोपाठ त्यांच्याच दुसऱ्या शाखेने चांपा, जांजगीरला काम सुरू केलं. आजचा हा छत्तीसगड तेव्हा मध्य प्रांतात होता आणि कारभार नागपुरातून चाले. अनाथालयं आणि कुष्ठरोग्यांसाठी चांपाचं रुग्णालय उभं राहिलं. दुष्काळाचं दुःख म्हणजे क्रूस नव्हे, हा फरक इथे कामी आला: ते कुणी पवित्र मानून सोसायचं नसतं, कमी करायचं असतं. जगभरच्या मेनोनाइटांची परिषद १९९७च्या जानेवारीत कोलकात्यात भरली, तोवर या पंथाचे भारतातले लोक कुणाच्या मिशनचे राहिले नव्हते.

एक गोष्ट राहिली. लूथरपंथीयांच्या १५३० सालच्या आउग्सबुर्ग विश्वासपत्रात ॲनाबॅप्टिस्टांचं नाव घेऊन धिक्कार केलेला आहे, एकदा नव्हे, अनेक कलमांत. जुलै २०१०मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला जगभरच्या लूथरपंथीयांची सभा भरली आणि तिने या छळाबद्दल देवाची आणि मेनोनाइटांची क्षमा मागितली. उत्तरादाखल मेनोनाइटांच्या जागतिक परिषदेचे अध्यक्ष, झिंबाब्वेचे डॅनिसा एन्ड्लोव्हू, यांनी त्यांना एक भेट दिली: पाय धुण्याची लाकडी परात.